पहाटेची बोट आणि समुद्राची सुट्टी

मी इंदूरहून आलोय. आमचं घराणं होळकरांच्या काळात तिकडे गेलं असं आजोबा सांगायचे. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि सकाळी पोहे-जलेबी, अशा वातावरणात मी वाढलो. इथे बडोद्याचे, हैदराबादचे, बेळगावचे लोक बसलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

माझा धंदा लोकांना फिरायला नेण्याचा. वडिलांनी सुरू केला तेव्हा एक बस होती, एक आचारी होता आणि उज्जैन, ओंकारेश्वर, पंढरपूर, गाणगापूर अशा यात्रा होत्या. वडिलांचा एक नियम होता. बस पहाटे चारला सुटणार म्हणजे चारलाच सुटणार. जावई असो की सासरा, सव्वाचारला आलेला माणूस घरी परत. ते म्हणायचे, "पहाटे निघालं की ऊन लागत नाही, रस्ता मोकळा मिळतो आणि दर्शनाला रांग कमी असते."

आज मी तुम्हाला देवदर्शनाची गोष्ट सांगणार नाहीये. थायलंडमधल्या एका बेटाची आणि तिथे पहाटे जाणाऱ्या एका छोट्या बोटीची गोष्ट सांगणार आहे. पण वडिलांचा तो नियम मला तिथे जाऊन अर्धाच कळला होता हे लक्षात आलं, म्हणून आधी सांगून ठेवलं.

वडिलांनंतर मी धंदा वाढवला. यात्रांबरोबर परदेश सहली सुरू केल्या. 2016 च्या डिसेंबरमध्ये मी 38 जणांचा ग्रुप घेऊन फुकेटला गेलो. इंदूर, देवास, भोपाळची मराठी मंडळी. बहुतेकांची पहिली परदेशवारी. आणि सगळ्यांना एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे माझ्या जाहिरातीच्या पत्रकावर छापलेला फोटो. पांढरी वाळू, हिरवं-निळं पाणी आणि तिन्ही बाजूंनी उभे चुनखडीचे कडे. हा फोटो तुम्हीही कुठेतरी पाहिला असणार. त्या जागेचं नाव माया बे.

फी फी नावाची बेटं आहेत. फुकेटपासून स्पीडबोटीने साधारण तासाभराच्या अंतरावर, पण जिल्हा क्राबी. त्यातलं मोठं बेट फी फी डॉन, तिथे वस्ती आहे, हॉटेलं आहेत. धाकटं बेट फी फी ले, तिथे वस्ती नाही, नुसते कडे आणि जंगल. हा सगळा भाग 1983 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. माया बे या धाकट्या बेटावर आहे. 2000 साली लिओनार्डो डिकॅप्रिओचा 'द बीच' नावाचा सिनेमा आला, तो इथे चित्रित झाला होता. चित्रीकरणासाठी त्या लोकांनी वाळू हलवली, नारळाची झाडं लावली, त्यावरून खटलाही झाला. पण सिनेमा जगभर गेला आणि त्याच्यामागून जग त्या किनाऱ्यावर आलं. किनारा केवढा? इकडून तिकडे चालत जायला पाच मिनिटं पुष्कळ झाली. आणि दिवसाला माणसं येत होती 5000 पर्यंत.

त्या 5000 मध्ये आमचे 38 होते.

आमची बोट सकाळी दहाला सुटली. नाश्ता सावकाश झाला, दोघांचे चष्मे खोलीत राहिले, ते आणले, मग निघालो. माया बेला पोहोचलो तेव्हा पन्नासेक बोटी वाळूला पाठ लावून उभ्या होत्या. इंजिनं चालू. पेट्रोलचा वास. उतरायला जागा नाही म्हणून आमची बोट दोन बोटींच्या फटीत घुसवली. आमच्या लोकांनी वाळूवर पाय ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "फोटोतली जागा कुठे आहे?" मी म्हटलं, "हीच." कुणालाच पटलं नाही. आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली. त्यातली वीस रांगेत उभं राहून फोटो काढण्यात गेली.

पण त्या दिवशीची माझी खरी चूक वेगळीच आहे.

आमच्या ग्रुपमध्ये एक काकू होत्या. वय 64. माहेर मालवणचं, लग्न होऊन इंदूरला आलेल्या. चाळीस वर्षं समुद्रापासून लांब. मला म्हणाल्या होत्या, "अरे, मला बाकी काही नको. पाण्यात पाय बुडवून शांतपणे थोडा वेळ उभं राहू दे." बोटीत चढताना गडबड झाली. मागच्या जागा तरुण पोरांनी पटकावल्या. मी काकूंना म्हटलं, "काकू, तुम्ही पुढे बसा, पुढून चांगलं दिसतं." पुढून चांगलं दिसतं हे खरंच आहे. पण स्पीडबोट लाटेवरून उडते आणि आपटते तेव्हा सगळ्यात जास्त मार पुढच्या टोकाला बसतो. पाठीचं दुखणं असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, वयस्कर माणसांनी पुढे बसायचंच नसतं. हे मला माहीत असायला हवं होतं. मी सहल विकत होतो आणि मला एवढं माहीत नव्हतं.

दुपारी परतताना वारा वाढला. बोट उशिरा निघालेली, त्यामुळे पुढचा सगळा वेळ भरून काढायला चालकाने वेग वाढवला. एका लाटेवर बोट उचलली गेली आणि आपटली. काकू ओरडल्या नाहीत. नुसत्या पांढऱ्या पडल्या. मणक्याला चीर गेली होती. तीन दिवस तिथल्या इस्पितळात आणि मग इंदूरला घरी तीन महिने अंथरुणावर.

मी भेटायला गेलो. मला वाटलं, रागावतील, पैसे परत मागतील. त्यांच्या मुलाने मला दारातच बरंच काही ऐकवलं आणि त्याचं बरोबर होतं. काकू फक्त एवढंच म्हणाल्या, "समुद्र बघायचा राहिलाच रे."

मी त्यांना शब्द दिला, "काकू, तुम्हाला परत नेईन." त्या हसल्या. शब्द देताना मलाही तो खरा वाटत होता की नाही, आज सांगता येत नाही.

मग आलं 2018. थायलंड सरकारने जाहीर केलं की 1 जूनपासून माया बे बंद. चार महिने. कारण सोपं होतं. बोटींच्या नांगरांनी पाण्याखालची प्रवाळं मोडली होती. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत प्राण्यांचं घर असतं. त्यातली काही प्रवाळं वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे हातभर उंचीचं प्रवाळ माझ्या वयाचं असू शकतं आणि एक नांगर ते क्षणात तोडतो. वर माणसांच्या पायाखाली तुडवणं, अंगाला चोपडलेलं सनस्क्रीन, कचरा.

माझी प्रतिक्रिया काय होती, खरं सांगू? मी वैतागलो. माझ्या पत्रकावर माया बेचा फोटो, माझी दिवाळीची बुकिंगं झालेली. मी फोनवर लोकांना सांगत होतो, "अहो, सरकारी काम, चार महिन्यांत उघडेल." चार महिने संपले आणि त्यांनी सांगितलं, अजून बंदच राहणार, कधी उघडणार ते सांगत नाही. मी पाच कुटुंबांचे पैसे परत केले. बाकीच्यांना लांबून बोटीतूनच माया बे दाखवला. बंदीचा दोर लावलेला होता, त्याच्या बाहेरून. लोक दोरापलीकडच्या रिकाम्या वाळूचे फोटो काढत होते. त्या दिवशी पहिल्यांदा ती जागा माझ्या पत्रकातल्या फोटोसारखी दिसत होती. आणि आम्ही तिथे नव्हतो म्हणून तशी दिसत होती. हे डोक्यात आलं आणि मी ते झटकून टाकलं. धंद्यात असे विचार परवडत नाहीत.

2020 मध्ये धंदाच बंद पडला. बसेस उभ्या, ऑफिसला कुलूप. दोन वर्षं मी आणि बायकोने डबे केले. हाताला वेळ मिळाला तेव्हा मी त्या बेटाबद्दल वाचायला लागलो. पश्चात्तापाने नव्हे, सवयीने. बंद दुकानाचा मालक जसा रोज शटरपर्यंत फेरी मारून येतो ना, तसं.

वाचून कळलं की 2018 मध्ये बंद केल्यावर काही महिन्यांतच तिथे शार्क परत आले. ब्लॅकटिप रीफ शार्क. पंखाच्या टोकाला काळा ठिपका असतो. मोठा झाला तरी साधारण दीड मीटरचा, माणसाच्या वाटेला सहसा न जाणारा. कासेत्सार्त विद्यापीठाचे सागरशास्त्रज्ञ थॉन थमरोंगनावासवत आणि उद्यानाचे लोक तिथे प्रवाळाचे तुकडे लावत होते, शेतात रोपं लावतात तसे हजारोंनी. आणि ते लावत असताना आजूबाजूला शार्क फिरत होते. त्यांना कुणी आणून सोडलं नव्हतं. आपण बाजूला झालो, ते आले.

1 जानेवारी 2022 ला माया बे उघडला, पण नियम बदलून. बोटींना आता खाडीत प्रवेशच नाही. बेटाच्या पाठीमागे लोह समाह नावाची दुसरी छोटी खाडी आहे, तिथे तरंगता धक्का. तिथे उतरायचं, लाकडी पायवाटेने झाडांतून चालत पलीकडे जायचं. एका फेरीला 375 माणसं, तासाभराचा वेळ. पोहायला मनाई, गुडघ्यापर्यंतच पाण्यात जायचं. आणि दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबर, दोन महिने पूर्ण बंद.

मी काकूंना फोन केला.

त्या 71 वर्षांच्या झाल्या होत्या. मुलगा म्हणाला, "पुन्हा तुमच्याबरोबर? काका, विसरा." मी म्हटलं, "तूही चल. आणि बोट ठरवण्याआधी मी जे प्रश्न विचारीन ते तुझ्यासमोर विचारीन." फोन स्पीकरवर ठेवून मी फुकेटच्या एका बोटवाल्याला विचारलं. बोटीत एकूण किती माणसं घेता? म्हणाला, अठरा. बोट केवढ्याची आहे? पस्तीसची. प्रत्येकाला अंगाला बसेल असं लाइफ जॅकेट आहे का? वयस्कर बाईंना मागे, इंजिनाजवळ जागा राखून ठेवाल का? समुद्र खवळला तर काय करता? तो म्हणाला, "जात नाही. पैसे परत." या शेवटच्या उत्तराला काकूंचा मुलगा पहिल्यांदा जरा सैल झाला.

2023 च्या फेब्रुवारीत आम्ही अकरा जण गेलो. तिकडे नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र बराच शांत असतो, मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे असतात. आपल्याला पाऊस देणारे तेच वारे. आणि दिवसातही सकाळी पाणी शांत असतं, दुपारनंतर वारा उठतो. म्हणून पहाटेची बोट. गर्दी हे कारण नंतरचं, काकूंच्या पाठीसाठी पहाटच हवी होती.

पाचला हॉटेलसमोर गाडी आली. वडील असते तर खूश झाले असते. सगळे वेळेवर, काकू तर पावणेपाचपासून खाली बसलेल्या. नऊवारी नाही हं, पंजाबी ड्रेस आणि पायात रबरी सपाता. पिशवीत चिवडा, पण स्टीलच्या डब्यात. तिकडे राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायचं प्लास्टिक आणि थर्माकोलचे डबे न्यायला बंदी आहे, हे मी सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. सनस्क्रीनचंही तसंच. प्रवाळाला मारणारी चार रसायनं ज्यात आहेत ती क्रीम 2021 पासून त्यांच्या सागरी उद्यानांत चालत नाही, दंड एक लाख बाहतपर्यंत. आम्ही सरळ पूर्ण बाह्यांचे कपडे घातले. आपल्या आजीची पद्धत सगळ्यात स्वस्त.

धक्क्यावर आमची गाईड उभी होती, तिशीतली थाई मुलगी. हात जोडून म्हणाली, "सवादी खा." काकू म्हणाल्या, "ही काय म्हणते?" मी म्हटलं, नमस्कार. तो शब्द आपल्या 'स्वस्ति'पासून आलाय. काकूंनी लगेच तिला हात जोडून "स्वस्ति गं बाई" म्हटलं. दोघींचं तिथून जे जमलं ते शेवटपर्यंत.

शेजारी लाकडी लांबट होड्या बांधलेल्या होत्या. पुढच्या उंच टोकाला रंगीत रिबिनी आणि फुलांचे हार. गाईडने सांगितलं, होडीची रक्षण करणारी देवी असते, मे यानांग, तिच्यासाठी हे. होडीच्या त्या टोकावर पाय द्यायचा नाही. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे नारळी पौर्णिमेला होडीला असंच करतात." आणि त्यांनी त्या टोकाला हात लावून डोळ्यांना लावला.

सहा वाजून गेल्यावर निघालो. काकू मागे, पाठीला उशी, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मी. आकाश आधी राखाडी होतं. मग पूर्वेला एक फट तांबडी झाली. कडे लांबून काळे दिसत होते, जवळ जाता जाता त्यांच्यावर झाडं उगवलेली दिसायला लागली. चालकाने बोट सावकाश चालवली. एकदा लाट आली तेव्हा त्याने वेग कमी करून मागे वळून काकूंकडे पाहिलं. एवढंच. सहा वर्षांपूर्वी हे एक मागे वळून पाहणं असतं तर.

वाटेत फी फी डॉन लागलं. दोन डोंगर आणि मधे वाळूची सखल पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना खाडी. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा त्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी पाणी चढलं. त्या सकाळीही लोक सुट्टीवर आलेले होते. बोटीत कुणी काही बोललं नाही. समुद्र एवढा शांत असताना हे ऐकणं अवघड जातं.

सात वाजून गेल्यावर लोह समाहच्या धक्क्याला लागलो. उद्यानाची फी परदेशी माणसाला 400 बाहत. पायवाटेने हळूहळू चालत गेलो. झाडं संपली आणि समोर माया बे. एकही बोट नाही. पाण्याचा रंग तोच, फोटोतला. माणसं होती, पन्नास-साठ असतील. पण आवाज लाटेचा होता, इंजिनाचा नव्हता.

काकू पाण्यात गेल्या. घोट्याच्या वरपर्यंत. मी त्यांचा हात धरला होता, त्यांनी सोडवून घेतला. बराच वेळ त्या उभ्या होत्या. मग एकदम वाकल्या आणि म्हणाल्या, "अरे, ही तर मोरीची पिल्लं!"

कोकणात छोट्या शार्कला मोरी म्हणतात, मुशी म्हणतात. मी पाहिलं तर त्यांच्यापासून दहा-बारा हातांवर, एवढ्याशा पाण्यात, दोन-तीन काळे त्रिकोण सरकत होते. हातभर लांबीची पिल्लं. माझी पावलं आपोआप मागे आली, काकू हलल्या नाहीत. गाईड हलक्या आवाजात म्हणाली, "मोठी मादी इथे उथळ पाण्यात येते, पिल्लं इथे वाढतात. म्हणून आम्ही तुम्हाला पोहू देत नाही. आणि म्हणून दोन महिने बंद."

मी काकूंना ते मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यात नवीन काय? आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढतात, नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी जाळं टाकत नाही. समुद्राचे ते बाळंतपणाचे दिवस असतात."

मला उत्तर सुचलं नाही. ज्या बंदीवर मी वैतागलो होतो, ज्यासाठी परक्या सरकारला नावं ठेवली होती, ती गोष्ट माझ्या ग्रुपमधल्या एका मालवणी बाईला लहानपणापासून माहीत होती. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आजही जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारीला बंदी असते, दोन महिने. देवळातही दुपारी गाभारा बंद होतो. लांबून आलेला माणूस असला तरी बाहेर थांबतो, कारण देवाची विश्रांतीची वेळ आहे. दुपारी देऊळ उघडा म्हणून कुणी भांडत नाही. मग किनाऱ्याला विश्रांती दिली तर माझं काय बिघडलं होतं?

परतताना आम्ही पिलेह नावाच्या खाडीत गेलो, चहूबाजूंनी कडे आणि मधे हिरवं पाणी. मग व्हायकिंग केव्ह बाहेरून पाहिली. आत बांबूच्या परांच्या बांधल्यात, पाकोळ्यांची घरटी काढायला. ती घरटी पक्ष्याच्या लाळेची असतात, त्यांचं सूप करतात आणि ती फार महाग विकली जातात. आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरही तशीच घरटी करणारी पाकोळी आहे आणि तिथेही त्या घरट्यांची चोरी झालेली आहे. बघा, समुद्र एकच, आणि माणसंही.

आता मला जे सांगायचंय तिथे येतो. बोटीत सगळे खूश होते. मी गाईडला म्हटलं, "बरं झालं लवकर आलो. दहाला आलो असतो तर गर्दीत सापडलो असतो." ती हसली. म्हणाली, "आता सगळेच लवकर येतात. सुट्ट्यांच्या दिवसांत पहाटेच्या बोटींचीच रांग लागते. तुम्हाला आज मोकळं मिळालं ते लवकर आलात म्हणून थोडं, आणि मोजून आत सोडतात म्हणून जास्त."

वडिलांचा नियम मला अर्धाच कळला होता म्हणालो ना, तो इथे. पहाटे निघालं की रांग कमी, हे तोपर्यंतच खरं जोपर्यंत बाकीचे पहाटे निघत नाहीत. उरलेला अर्धा भाग वडील बोलून दाखवत नसत, पण करत. त्यांची बस एकच होती. दुसरी घ्यायला पैसे होते तेव्हाही त्यांनी घेतली नाही. म्हणायचे, "चाळीस माणसांची काळजी मला घेता येते, ऐंशींची नाही." मी तो त्यांचा घाबरटपणा समजायचो.

2016 ला मी म्हणालो होतो, काय ही गर्दी! गर्दी कुठून आली होती? 38 तर मीच आणले होते.

त्यानंतर मी काय बदललं, ते सांगतो. कारण नुसतं वाईट वाटून घेतलं तर पुढची सहल तशीच निघते.

बेटांच्या सहलीला मी आता बारापेक्षा जास्त माणसं नेत नाही. बोट ठरवताना बोटीची क्षमता विचारत नाही, किती माणसं भरणार ते विचारतो. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमची पाठ, हे लक्षात ठेवा. साठीच्या पुढची माणसं, गरोदर बायका, पाठीचं ऑपरेशन झालेले लोक यांच्याशी निघण्याआधीच बोलतो. काहींना स्पष्ट सांगतो, तुम्ही स्पीडबोटीने येऊ नका, मोठ्या फेरीने या. तिला दोन तास लागतात पण ती आपटत नाही.

समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली तर लोक माझ्याशी भांडतात. भांडू देतो. "एवढे पैसे भरलेत, जाऊया" असं बोटवाल्याच्या मागे लागणारा ग्रुप मी स्वतः पाहिलाय. जो चालक नाही म्हणतो, त्याचे उपकार मानायचे असतात.

माशांना पाव टाकायचा नाही, माकडांना केळी द्यायची नाहीत. आपल्याला तो पुण्याचा भाग वाटतो, कळतंय मला. पण त्या माकडांना माणसाच्या हाताची सवय लागली की ती चावतात, आणि मग आपली उरलेली सुट्टी रेबीजच्या इंजेक्शनांत जाते.

आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुणी विचारलं, "माया बे दाखवाल का?" तर मी म्हणतो, "नाही, बंद आहे." पूर्वी मी "बाहेरून दाखवतो" म्हणायचो. आता का बंद आहे ते सांगतो. काही जण दुसऱ्याकडे जातात.

हो, याची किंमत आहे. ती लपवून मी तुमच्यासमोर मोठेपणा मिरवणार नाही. 38 माणसांच्या सहलीत जे मिळायचं, त्याच्या निम्मंही बारा माणसांत मिळत नाही. माझी सहल महाग पडते. ज्यांना परवडत नाही अशी चांगली माणसं माझ्याकडून गेली, याचं मला वाईट वाटतं. छोटा ग्रुप म्हणजे पैसेवाल्यांनाच शांतता, हा प्रश्न मला कुणी विचारला तर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच दिसतं की तिकडे दाराशी मोजणी सगळ्यांना सारखी आहे. मोठ्या बोटीचा प्रवासी आणि छोट्या बोटीचा, दोघांनाही एकच तास मिळतो. म्हणून मला वाटतं, आपलं तारकर्ली असो, अंदमान असो की लक्षद्वीप, कुणी दारात मोजणी सुरू केली, कुणी दोन महिने दार लावून घेतलं, तर निदान माझ्या धंद्यातल्या लोकांनी तरी त्याच्या विरोधात ओरडू नये. मी ओरडलो होतो. म्हणून सांगतो.

काकू आता 73 च्या आहेत. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. भिंतीवर त्या दिवसाचा फोटो लावलाय. मला वाटलं होतं कडे असतील, निळं पाणी असेल. फोटोत काकूंची पावलं आहेत पाण्यात आणि कोपऱ्यात एक पुसटसा काळा ठिपका. आलेल्या प्रत्येकाला त्या बोट ठेवून दाखवतात, "ही बघा मोरी." लोकांना काही दिसत नाही. त्या म्हणतात, "नीट बघा, घाई करू नका."

मी माझ्या नव्या पत्रकावरून माया बेचा मोठा फोटो काढून टाकलाय. त्या जागी महिन्यांचा तक्ता आहे. ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या रकान्यात लिहिलंय, समुद्राची सुट्टी.

तुम्ही कधी पहाटेची बोट धरलीत, तर गजर जरूर लावा. पण निघण्याआधी एकदा विचारा, बोटीत किती जण आहेत. आणि तुमच्या घरातल्या काकूंना मागे बसवा.